पहिला सेक्टर

१ जुलै २०२४, सोमवार

पुण्यातल्या एका कार्यालयाने मोडीत काढलेले संगणक आज वाचनालयात पोचले. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, प्रत्येक कॅबिनेटवर ऑडिटचं स्टिकर. हार्ड डिस्क तिकडेच पूर्ण पुसून पाठवल्यात, हे उत्तम केलं. सुरू केल्यावर पंखा फिरतो, बीप होतो आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ येते, की बूट करण्याजोगं काही सापडलं नाही.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "सर, हे तर बंदच आहेत."

"बंद नाहीत, बाई. जागे झालेत, पुढे कोणाकडे जायचं ते त्यांना सांगितलेलं नाही."

त्यांच्याच जोडीला एका सभासदाने पडद्यापासून कळफलक सुटा होणारा स्वस्तातला लॅपटॉप दिलाय. त्याचं वेगळंच काहीतरी दुखणं दिसतं, त्याच्याकडे नंतर बघू.

सगळ्यांवर डेबियन १२ घालायचं ठरलं. त्याचा इन्स्टॉलर बूट लोडर आपणहून बसवतो, मध्ये फक्त एक प्रश्न विचारतो. पण या पावसात संध्याकाळी वाचनालयात कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तेव्हा त्या एका प्रश्नामागे काय काय घडतं, ते या वेळी नीट उघडून बघणार आहे.

३ जुलै, बुधवार

बूट लोडर म्हणजे ग्रबच. हल्ली लिनक्सच्या बहुतेक घरांत तोच असतो. त्याचा जन्म मात्र लिनक्ससाठी झालेला नाही. १९९५ मध्ये एरिक बोलेन हे ग्नू हर्ड ही प्रणाली यूटा विद्यापीठाच्या माक ४ या मायक्रोकर्नेलवर सुरू करायच्या खटपटीत होते. ब्रायन फोर्ड यांच्याबरोबर त्यांनी मल्टीबूट नावाचा करार आखला. कोणत्याही कर्नेलने हा करार पाळला, की कोणत्याही लोडरने त्याला उठवावं, अशी कल्पना. आधी फ्रीबीएसडीच्या लोडरला हे शिकवायचा प्रयत्न झाला. त्यापेक्षा नवा लिहिणं सोपं, असं लक्षात आलं आणि ग्रब लिहिला गेला. हर्ड काही घरोघरी गेली नाही, तिला उठवायला ठेवलेला गडी मात्र जगभर कामाला लागला.

त्याआधी लिनक्सवाले वेर्नर आल्म्सबेर्गर यांचा लिलो वापरत. लिलोला फाइल सिस्टिम कळायची नाही. कर्नेल डिस्कच्या कोणत्या ठोकळ्यांत आहे, ते आकडे तो लिहून ठेवायचा. कर्नेल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचं राहिलं, की दुसऱ्या दिवशी पडद्यावर त्याच्या नावाची पहिली एक-दोन अक्षरं उमटून गाडी तिथेच थांबे. ग्रब स्वतः फोल्डर उघडून फाइल शोधतो. माझ्या मते त्याच्या यशाचं निम्मं कारण हेच आहे.

आता तो आणायचा कुठून? तीन वाटा आहेत. डेबियनचं तयार पॅकेज, ज्यात आवृत्ती २.०६ आहे. ग्नूच्या एफटीपी भांडारातली २.१२ ची गठडी, गेल्या डिसेंबरात आलेली, सात एमबीच्याही आतली. किंवा सावाना या ग्नूच्या कोठारातून गिट वापरून थेट ताजा सोर्स. तिसऱ्या वाटेने गेलं तर बूटस्ट्रॅप नावाची स्क्रिप्ट चालवून ग्नूलिब वगैरे सामान वेगळं ओढावं लागतं. गठडीत ते आधीच भरलेलं असतं.

आधी गठडी घेतली.

४ जुलै, गुरुवार

गठडीसोबत सहीची छोटी फाइल असते, तीही उतरवली. ग्नूच्या किल्ल्यांचा जुडगा आणून जीपीजीने पडताळणी केली. सही जुळली, ग्रबचे सध्याचे प्रमुख देखभालकर्ते डॅनिएल किपर यांची. खाली नेहमीचा इशाराही आला, की ही किल्ली खरोखर त्यांचीच आहे याची खात्री तुमच्या ओळखीच्या कोणी दिलेली नाही. बरोबरच आहे. कोकणात बसून मी पोलंडच्या माणसाला कधी भेटणार?

एरवी मी इथेच पुढे गेलो असतो. पण मार्चअखेरीचं एक्सझेड प्रकरण अजून ताजं आहे. त्या प्रकल्पात दोन-एक वर्षं विश्वास कमावून बसलेल्या देखभालकर्त्यानेच ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या गठड्यांत चोरवाट पेरली होती. सही अस्सल, माल नासका. चोरवाट चालू करणारी ओळ गिटमध्ये नव्हती, ती फक्त गठडीत होती. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं, ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले, म्हणून सापडलं. ग्रबची गठडीही एक्सझेडनेच आवळलेली असते, हा योगायोग आज जरा टोचला.

गिटमधून २.१२ ची खूण लावलेला सोर्सही आणला आणि दोन्ही फोल्डर शेजारी ठेवून फरक काढला. गठडीत जास्तीच्या फाइली बऱ्याच, बहुतेक यंत्राने तयार केलेल्या. त्या सगळ्या वाचणं एका माणसाचं काम नव्हे. निदान कुठल्या जास्तीच्या आहेत, ते आता माहीत आहे.

७ जुलै, रविवार

दिवसभर बांधणी. बायसन, फ्लेक्स, जीसीसी, पायथन, अक्षरांसाठी फ्रीटाइप आणि युनिफॉन्ट. कॉन्फिगरला दोन गोष्टी सांगायच्या: प्लॅटफॉर्म कोणता आणि प्रोसेसर कोणता. जुन्या बायोससाठी पीसी आणि आय३८६, नव्या यूईएफआयसाठी ईएफआय आणि एक्स८६-६४. दोन्हींसाठी वेगवेगळ्या फोल्डरांत दोनदा बांधावं लागतं. कंपायलरला जादा वेगाच्या सूचना द्यायच्या नाहीत, हे आधीच पक्कं केलं. इतक्या खालच्या पातळीवरचा कोड कंपायलरने परस्पर 'सुधारला' की मोडतो.

मेक चालवलं तर थोड्याच वेळात रडगाणं: एक्स्ट्रा-डेप्स नावाची यादी सापडत नाही. हा २.१२ च्या गठडीतला प्रसिद्ध दोष आहे, ती फाइल भरायचीच राहून गेली. उपायही ठरलेला. एका ओळीची फाइल हाताने लिहायची, त्यात डिपेंड्स, मग बीएलआय आणि पार्ट-जीपीटी ही दोन मोड्युलं. 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' या पुस्तकात तशी सूचनाच छापली आहे. गिटमधून आणणाऱ्याला हा त्रास होत नाही. म्हणजे सही, गठडी, अधिकृत भांडार सगळं यथासांग असूनही माल अपुरा असू शकतो.

सगळं माझ्या घरच्या संगणकावर, वेगळ्या फोल्डरात. यंत्रणेच्या खऱ्या ग्रबला हात लावलेला नाही. ग्रब-एमके-रेस्क्यूने एक आयएसओ बनवला, त्याला झोरिसो आणि एमटूल्स लागतात. तो क्यूएमूच्या आभासी संगणकात चालवला, बायोस म्हणून आणि यूईएफआय म्हणूनही. दोन्हीकडे तोच 'ग्रब' शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. रात्री तोच आयएसओ एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला.

१० जुलै, बुधवार

आज एका जुन्या संगणकावर डेबियन चढवलं आणि त्यातला पहिला सेक्टर डीडीने बाहेर काढून बघितला. ५१२ बाइट. बायोस एवढंच वाचतो, मेमरीत ठरलेल्या पत्त्यावर ठेवतो आणि त्यावर उडी मारतो. पुढे त्याचा काही संबंध नाही. या ५१२ मध्ये शेवटचे दोन बाइट म्हणजे शिक्का, ५५ आणि एए. त्याआधीचे ६४ म्हणजे पार्टिशनचा तक्ता, चार नोंदी, प्रत्येकी १६. उरले ४४६. त्यातलेही शेवटचे सहा डिस्कच्या ओळखक्रमांकासाठी धरले जातात, म्हणजे खरी जागा ४४०.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला साधारणपणे तीन बाइट लागतात. म्हणजे एवढ्या जागेत मराठीची दीडशे चिन्हंसुद्धा मावत नाहीत, काना-मात्रा धरून. ही आजच्या नोंदीची पहिली दोन वाक्यंच झाली. आणि इथे संपूर्ण प्रोग्रॅम बसवलाय.

अर्थात तो फार काही करत नाही. डिस्कवरचा आणखी एकच सेक्टर वाचून त्याच्या हाती सूत्रं देतो. त्या सेक्टराला पुढचे सेक्टर कुठे आहेत ते ठाऊक असतं. ते सगळे मिळून ग्रबचा गाभा. हा गाभा पहिल्या सेक्टरानंतर आणि पहिल्या पार्टिशनच्या आधी असलेल्या मोकळ्या पट्टीत राहतो. पूर्वी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, म्हणजे मध्ये ६२ सेक्टर, ३१ केबी. आता ते २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे एक एमबीनंतर सुरू होतं, त्यामुळे जागा ऐसपैस. ही पट्टी कायद्याने कोणाच्याच नावावर नाही. ग्रब तिथे वहिवाटीने राहतो.

जीपीटी प्रकारच्या डिस्कवर मात्र ही पट्टी नसते. तिथे बायोसवर चालायचं, तर ग्रबसाठी एक एमबीचं वेगळं पार्टिशन नोंदवावं लागतं. त्या प्रकाराला जो ३२ आकडी ओळखक्रमांक दिलाय, तो अक्षरांत वाचला तर 'हा! मला ईएफआय लागतच नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य निघतं. प्रमाणित तक्त्यांत असा खट्याळपणा जपून ठेवणाऱ्यांबद्दल मला फार ममत्व आहे.

डंपच्या उजव्या बाजूला काही शब्द सरळ वाचता येतात: ग्रब, जिऑम, हार्ड डिस्क, रीड, एरर. ४४० बाइटांच्या काटकसरीतही, अडलोच तर का अडलो हे सांगायला एवढी जागा राखलीय.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. वाचनालय बंद. दिवसभर लाईट नव्हती.

२१ जुलै, रविवार

शुक्रवारपासून टीव्हीवर दुसरा विषय नाही. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगभरचे विंडोज संगणक निळे पडले, उठायचे आणि पुन्हा पडायचे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. यात बूट लोडरचा दोष काही नव्हता, तो आपलं काम चोख करून बाजूला झाला होता. पण पहाटे लवकर उठणाऱ्याच्या हाती घराच्या किल्ल्या असतात, एवढं मात्र यानिमित्ताने सगळ्यांना कळलं.

दुपारी बाकीच्या संगणकांवर डेबियन चढवलं. ग्रब कुठे बसवायचा या प्रश्नाला पूर्ण डिस्क हे उत्तर, त्यातलं पार्टिशन नव्हे. लोक इथे चुकतात कारण यादीत दोन्ही नावं जवळजवळ सारखी दिसतात, फक्त शेवटी एक आकडा जास्त. कुठलाही दोष आढळला नाही, असं ग्रब स्वतःच सांगतो. ही ओळ वाचल्याशिवाय मी रीस्टार्ट करत नाही.

२४ जुलै, बुधवार

वाचनालयात येणारा आयटीआयचा पोरगा लॅपटॉप घेऊन आला. विंडोज ७ च्या जमान्यातला. कोणीतरी त्यात कधीकाळी लिनक्स घातलं होतं. याच्या मोठ्या भावाने जागा कमी पडते म्हणून विंडोजमधून ते 'अनोळखी' पार्टिशन उडवलं. आता चालू केलं की, असं पार्टिशन नाही, आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'.

"सर, विंडोज गेलं का हो?"

"नाही गेलं. जागचं हललेलंसुद्धा नाही."

त्याला डिस्कचं चित्र काढून दाखवलं. पहिला सेक्टर शाबूत, पट्टीतला गाभा शाबूत. पण मेन्यू, कॉन्फिग आणि बाकीची मोड्युलं त्या उडवलेल्या पार्टिशनमध्ये होती. गाभा तिथे जाऊन दार ठोठावतो आणि दारच नाही. या अवस्थेत ग्रबला जेमतेम चार आज्ञा समजतात. पार्टिशन तेवढं सरकलं असतं, तर नवा पत्ता सांगून नॉर्मल मोड्युल चढवता आलं असतं. इथे चढवायलाच काही नव्हतं.

तेव्हा ७ तारखेचा पेनड्राइव्ह कामी आला. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर तो स्वतः एचडी० झाला, लॅपटॉपची डिस्क एचडी१. डिस्क शून्यापासून मोजायच्या, पार्टिशनं एकपासून. ग्रबच्या जुन्या पिढीत पार्टिशनंही शून्यापासून मोजायचे आणि जुन्या पुस्तकांत अजून तसंच आहे, त्यामुळे नवखे हमखास गोंधळतात. त्याच्याकडूनच तीन ओळी टाइप करून घेतल्या: मूळ म्हणून दुसऱ्या डिस्कचं पहिलं पार्टिशन, चेनलोडरला त्याचा पहिला सेक्टर, आणि बूट. विंडोजचा लोगो आल्यावर पोरगा ओरडलाच. मग विंडोजच्या रिपेअर डिस्कने पहिल्या सेक्टरात विंडोजचाच कोड परत लिहिला. ग्रब बसवायला शिकवणारे पुष्कळ आहेत, सभ्यपणे काढायला कोणी शिकवत नाही.

पोरगा आता रोज संध्याकाळी येतो म्हणतोय.

३१ जुलै, बुधवार

आज तो सुटा होणारा लॅपटॉप. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला तर त्याला तो दिसतच नाही, जणू रिकामा. कारण आत सापडलं. प्रोसेसर इंटेल ॲटम झेड३७३५एफ, म्हणजे ६४ बिटी. पण त्याला जन्माला घालताना दिलेलं यूईएफआय ३२ बिटी. दहा वर्षांपूर्वी स्वस्त टॅब्लेटांवर अशी जोडी सर्रास असे.

यूईएफआयच्या दुनियेत ४४० बाइटांची भानगड नाही. फॅट फाइल सिस्टिमचं एक पार्टिशन असतं, त्यात बूट लोडर साध्या फाइलीसारखा ठेवायचा. फर्मवेअरला दुसरं काही सांगितलेलं नसेल, तर ते ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल शोधतं. ६४ बिटी फर्मवेअर बूटएक्स६४ शोधतं, ३२ बिटी बूटआयए३२. माझ्या पेनड्राइव्हवर पहिलीच होती.

डेबियनच्या आयए३२ पॅकेजमधून दुसरी बनवून शेजारी ठेवली, तेव्हा लगेच मेन्यू आला. ३२ बिटी फर्मवेअरवरून ६४ बिटी कर्नेल उठवणं लिनक्सला २०१४ सालच्या ३.१५ आवृत्तीपासून जमतं. इन्स्टॉल झाल्यावर आतल्या डिस्कवरही तेच पॅकेज, टार्गेट आय३८६-ईएफआय, आणि 'रिमूव्हेबल' हा पर्याय देऊन. त्या पर्यायाने फाइल ठरलेल्या नावानेच पडते, फर्मवेअरच्या स्मरणशक्तीवर विसंबावं लागत नाही. अशा स्वस्त फर्मवेअरची स्मरणशक्ती यथातथाच असते.

पोराने विचारलं, "सर, तुमचा स्वतः बांधलेला ग्रब का नाही टाकला?" चांगला प्रश्न. तो खेळायला आहे, असं सांगितलं. हे उत्तर मला स्वतःलाच पुरेसं वाटलं नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

ग्रंथपालबाईंची इच्छा, की मेन्यू मराठीत दिसावा. ग्रबच्या चित्रमय पडद्याला ग्नू युनिफॉन्ट लागतो, रोमन चिबोरा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला, ठिपक्यांचा. त्यात देवनागरी आहे. पण अक्षरं असणं वेगळं आणि जुळणी येणं वेगळं. अरबी अक्षरांचे जोड ग्रब सांभाळतो, आपली जोडाक्षरं नाही. 'विद्यार्थी' लिहिलं तर हलन्त पाय तसेच दिसतात आणि शब्दाचे तुकडे होतात. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "इंग्रजीच राहू द्या."

पासवर्ड मात्र घातला. तो नसेल तर कोणीही मेन्यूत ई दाबून कर्नेलच्या ओळीत थोडं जास्तीचं लिहील आणि थेट रूट होऊन बसेल. रोजच्या नोंदी सगळ्यांना खुल्या, बदल करायचा तर पासवर्ड. पोराला २०१५ सालची गोष्ट सांगितली. वॅलेन्सियाच्या तंत्रविद्यापीठातल्या दोघा संशोधकांना आढळलं, की ग्रबने नाव विचारल्यावर बॅकस्पेस २८ वेळा दाबली, तर पासवर्ड न देताच आत जाता येतं. शून्याच्या खाली जाणाऱ्या आकड्याची तपासणीच नव्हती. २००९ पासूनच्या आवृत्त्यांत ते भोक होतं. त्याने लगेच आमच्या संगणकावर २८ वेळा दाबून पाहिली. दोनदा.

२२ ऑगस्ट, गुरुवार

ज्या घरात विंडोज आणि लिनक्स एकत्र नांदतात, तिथे काल-परवापासून जगभर ओरड चालू आहे. मायक्रोसॉफ्टच्या १३ तारखेच्या अपडेटनंतर अनेकांचं लिनक्स उठेना. पडद्यावर शिमची एसबॅट तपासणी फसल्याचा निरोप, आणि पुढे काहीतरी गंभीर बिघडलंय अशी ओळ. आमच्याकडे अशी जोडी एकही नाही, तरी कारण मुळापासून वाचलं.

सिक्युअर बूट चालू असेल, तर फर्मवेअर फक्त ओळखीची सही असलेली फाइल उठवतं, आणि ती ओळख बहुतेक पीसींवर मायक्रोसॉफ्टच्या किल्लीची. लिनक्सवाल्यांनी त्या किल्लीने सही घेतलेला शिम नावाचा छोटा लोडर मध्ये ठेवला. शिम ग्रबची सही तपासतो, ग्रब कर्नेलची. २०२० मध्ये बूटहोल सापडलं, ग्रबचा कॉन्फिग वाचतानाचा दोष. तेव्हा असंख्य जुन्या फाइली एकेक करून काळ्या यादीत टाकायची वेळ आली आणि यादीला फर्मवेअरमधली जागा पुरेना. म्हणून एसबॅट. प्रत्येक लोडरवर पिढीचा आकडा, आणि ठरावीक पिढीच्या आतले सगळे एकदम बाद. या वेळी बाद केला तो २०२२ साली सापडलेला ग्रबचा दोष. तो होता अक्षरं काढणाऱ्या भागात. मुख्य अक्षरावर जोडचिन्हं चढवताना मेमरीत जागेचं गणित चुकायचं. जोडाक्षरांपाशी आम्हीही परवा अडलो होतो, पण त्या जागेतून कोणी आत शिरेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दोन्ही एकत्र नांदणाऱ्या संगणकांना ही नवी अट लावली जाणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं, पण काही जोड्या त्यांच्या तपासणीला ओळखूच आल्या नाहीत.

पोराच्या ३१ तारखेच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. मी बांधलेल्या ग्रबची पिढी कोण वाढवणार? पुढच्या दोषाची दुरुस्ती आली, की ती लावून, पुन्हा बांधून, प्रत्येक संगणकावर मलाच बसवावी लागेल, आणि मला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ऑक्टोबरात महिनाभर मुंबईला जायचंय. डेबियनच्या पॅकेजमागे एक अख्खा सुरक्षा चमू आहे. त्यांचा आकडा जुना दिसतो, २.०६, पण दुरुस्त्या त्यात मागाहून भरलेल्या असतात. म्हणून वाचनालयाच्या संगणकांवर डेबियनचाच ग्रब राहील. माझी बांधणी घरी, आभासी डिस्कवर, तोडायला आणि जोडायला.

बाईंना विचारलं, मी नसताना अपडेट कोण करेल. त्यांनी पोराकडे बोट दाखवलं. मंगळवारी त्याला बसवून दोन गोष्टी दाखवायच्या: अपडेटनंतर ग्रब बदलला असेल तर शेवटची ओळ कुठे वाचायची, आणि पेनड्राइव्ह कपाटाच्या कोणत्या खणात आहे. रूटचा पासवर्ड त्याला द्यायचा की नाही, हे बाई समितीला विचारणार आहेत.